चाकांचे चोचले

ऐकलंत का? नसेल ऐकलं तर आधी बूड टेका, कारण ही गोष्ट उभ्यानं ऐकायची नाही. लोक हल्ली गाडीच्या चाकांना सिरॅमिक कोटिंग करून घेतायत. गाडीला नव्हे हो! गाडीचं कोटिंग शिळं झालं, ते शोरूमवाले आता फ्लोअर मॅट आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीबरोबरच गळ्यात मारतात. चाकांना! जी चाकं शेणातून, चिखलातून, पानाच्या पिचकाऱ्यांतून आणि महापालिकेनं जिवापाड जपलेल्या खड्ड्यांतून फिरण्यासाठीच जन्माला आली, त्या चाकांना! पायातली वहाण पायातच बरी, असं म्हणत ज्यांच्या तीन पिढ्या गेल्या, त्यांच्याच घरात आता वहाणेचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार चाललाय. हसावं की रडावं? आपण अर्थात हसायचं ठरवलंय. रडायची वेळ बिलाबरोबर येतेच.

पूर्वी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन माणसं चाकापाशी उकिडवी बसलेली दिसली की समजायचं, पंक्चर झालं. आता समजायचं, कोटिंगचं प्रदर्शन चालू आहे. एक जण बाटलीतून पाणी शिंपडतोय, दुसरा गुडघ्याची कुरकुर विसरून खाली वाकलाय आणि दोघं मिळून थेंब बघतायत. थेंब! पासष्टीचे गृहस्थ! "बघा, बघा, कसा गोल राहतो!" "अरे वा, घरंगळला की!" नातवानं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा या आजोबांनी पेपर खाली केला नव्हता, आणि आता थेंबाच्या घरंगळण्यावर डोळे पाणावतायत. दुकानदार म्हणतो, कमळाच्या पानासारखं आहे. आता कमळाच्या पानाचं गुपित जर्मनीतल्या बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी १९९७ मध्ये शास्त्रशुद्ध मांडलं. त्या पानावर मेणाचे सूक्ष्म उंचवटे असतात, म्हणून पाण्याचा थेंब तिथं दीडशे अंशांहून मोठ्या कोनात टेकतो, म्हणजे जवळजवळ तरंगतो. या बाटलीतल्या मालाचा कोन शंभर-एकशे दहाच्या घरात. पण हे सांगून आनंदावर पाणी कशाला शिंपडा? नाहीतर तेही घरंगळायचं.

बरं, हे लावतात कसं, ते पाहिलंय? नसेल तर एकदा पाहाच. साधं गॅरेज नाही बरं का, 'स्टुडिओ' म्हणायचं. आत पांढरे दिवे, एसी आणि काळे हातमोजे घातलेली दोन मुलं. पेशंट, म्हणजे चाक, आधी सोडवून घेतात. गाडी स्टँडवर अधांतरी, चाकं रबरी मॅटवर ओळीनं निजवलेली. मग धुणं. बाहेरून, आतून, नटांच्या भोकांतूनसुद्धा. कान साफ करायच्या काड्यांपेक्षाही बारीक ब्रश असतात त्याला. चाकाची ती आतली बाजू गाडी विकेपर्यंत मालकाच्या बापालाही दिसत नाही, पण कोटिंग तिलाही. मनाचं समाधान हो!

आणि मग येतो तो क्षण. मुलगा एक पाण्यासारखा द्रव फवारतो, 'आयर्न रिमूव्हर' नावाचा. अर्धं मिनिट काहीच होत नाही. मग चाकातून जांभळे ओघळ सुटतात. जांभळे, गडद, थेट रक्तबंबाळ झाल्यासारखे. गिऱ्हाईक हादरतं. "हे सगळं माझ्या चाकात होतं?" होतं की. ब्रेकची डिस्क असते बिडाची. ब्रेक दाबला की पॅडबरोबर तीही झिजते, लोखंडाचे तापलेले बारीक कण उडतात, चाकाच्या लॅकरला चिकटतात आणि तिथंच बसून गंजतात. त्या लोखंडाला थायोग्लायकोलेट भेटलं की रंग जांभळा होतो. जादू वगैरे काही नाही, पण फोन काढून व्हिडिओ घेतल्याशिवाय एकही माणूस पुढं सरकत नाही. वास मात्र विचारू नका. कुजक्या अंड्याचा आणि ब्यूटी पार्लरचा एकत्र वास, आणि त्याला कारण आहे. केस काढायच्या क्रीममध्ये आणि केस कुरळे करायच्या लोशनमध्ये याच घराण्यातली रसायनं असतात. रविवारी चार तास घराबाहेर राहून नवरा हा वास घेऊन परत येतो तेव्हा "अहो, होतात कुठं?" या प्रश्नाला "चाकापाशी" हे उत्तर कोणती बायको मान्य करील?

पुढं डांबराचे ठिपके काढायला वेगळं रसायन, उरलेले कण उचलायला मातीचा गोळा, मग पॉलिश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसणं. चाकाला अल्कोहोल, मालकाला डिप-डिपचा चहा. इतकं झाल्यावर ती बाटली बाहेर येते. केवढी? तीस मिली. पन्नासची असली तर 'फॅमिली पॅक' समजा. पाच-सहा थेंब मऊ कापडाच्या गुंडाळीवर घेऊन एकेका आरीला आडवा-उभा हात. मग सगळे श्वास रोखून थांबतात. वर इंद्रधनुषी तवंग दिसला की लगेच पुसायचं. उशीर झाला तर डाग तिथंच वाळून बसतो आणि पुन्हा पॉलिशपासून श्रीगणेशा. शेवटी इन्फ्रारेड दिव्याचा शेक. त्यानंतर पथ्य: चोवीस तास पाणी लागू द्यायचं नाही, आठवडाभर शाम्पू नाही. हळद लागलेल्या नवरीसारखी गाडी स्टुडिओतच बसते, उंबरा ओलांडायचा नाही. आणि आपले राव स्वतःच्या गाडीच्या दर्शनाला रिक्षानं जातात.

आणि एवढ्या सोहळ्यानंतर चाकावर बसतं किती? एखाद-दुसरा मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस, ज्यांचे शिल्लक आहेत त्यांचा, साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. त्या थराचं मूळ घराणं म्हणाल तर वाळूचं: सिलिकॉनची संयुगं हवेतल्या ओलाव्याशी मिळून काचेच्या जातीचा पापुद्रा धरतात. म्हणजे ज्या वाळूपासून चाक वाचवायचं, तिच्याच पुतण्याला दारात पहारेकरी म्हणून बसवायचं. चालायचंच, आपल्याकडे राखणदारीची पद्धत हीच आहे.

तरी अजून त्या '९ एच'बद्दल बोललोच नाही. हे दोन अक्षरी स्तोत्र ऐकलं नाही असा कोटिंगवाला नाही आणि गिऱ्हाईक नाही. "सर, नाइन एच हार्डनेस आहे!" एवढं म्हणून तो जो थांबतो ना, त्या थांबण्यात खरी विक्री होते. ऐकणाऱ्याला शाळेतलं आठवतं: हिऱ्याचा कठीणपणा दहा. म्हणजे नऊ म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल! वा! आता खरं सांगू? हा ९ एच पेन्सिलीचा. आपण एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षेला एचबी, २बी, ६बी घेऊन बसायचो ना, त्याच कुटुंबातली एक अतिशय टणक काडी ती ९ एच. रंगाच्या थरावर ती पंचेचाळीस अंशांत धरून ढकलायची; ओरखडा उठला नाही की पास. तेव्हा कुणी पेन्सिल घेऊन तुमच्या चाकावर चित्रकलेचा पेपर सोडवायला बसलाच, तर तुम्ही निर्धास्त. फुटपाथचा सिमेंटचा कठडा मात्र पेन्सिल घेऊन येत नाही. तो आपल्या नेहमीच्या सवयीनं येतो, पार्किंग करताना, डाव्या बाजूनं, आणि 'खर्रर्र' असा आवाज करतो. त्या आवाजाला एच नाही, बी नाही. त्याला फक्त बायकोचं "सांगत होते मी" आहे.

आपण मात्र असं हसतोय, जणू हे पहिल्यांदाच घडतंय. टेफ्लॉन विसरलात? एके काळी नवी गाडी घेतली आणि टेफ्लॉन कोटिंग केलं नाही तर सासुरवाडीत तोंड दाखवायची सोय नव्हती. रॉय प्लंकेट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या हाती १९३८ मध्ये अपघातानं लागलेला हा पदार्थ तीनशे सत्तावीस अंशांच्या आसपास वितळतो; तव्यावर पक्का बसवायला त्याहून जास्त तापवावा लागतो. तवे भट्टीत जातात. आपली गाडी कुणी भट्टीत घातली होती? पोरानं फडक्यानं चोळलं, आपण पैसे मोजले आणि पुढची पाच वर्षं "टेफ्लॉन केलंय" असं सांगत फिरलो. तेव्हा फसलो असं कुणीच म्हणत नाही. सगळे म्हणतात, "तेव्हाची टेक्नॉलॉजीच तेवढी होती."

पण खरी मजा बाटलीत नाही, भक्तांत आहे. नव्या कोटिंगवाल्यांचंच बघा; दिवसातून पाच वेळा वाकून चाक बघतात. आमच्या ओळखीतले एक निवृत्त बँक अधिकारी घ्या. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कर्जाला जामीन मागणारा माणूस. कधी पे-अँड-पार्कचे पैसे सुखासुखी दिले नाहीत, गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावून चालत यायचे. त्यांनी कोटिंग केलं आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा टीडीएस मोजायचं यंत्र विकत घेतलं. कारण टँकरचं आणि बोअरचं पाणी जड. थेंब गोल राहतो हे कौतुक खरं, पण तो गोल थेंब उन्हात जागच्या जागी वाळला की क्षारांचं पांढरं कडं मागं ठेवतो. मग उपाय? स्वयंपाकघरातलं आरओचं पाणी! पाहुण्याला माठातलं, चाकाला आरओचं. वहिनींनी एकदा शांतपणे विचारलं, "त्यांना तुळस घालून देऊ का?"

गाडी पुसणाऱ्या पोराला त्यांनी बजावलंय, वरचं सगळं पूस, चाकाला हात लावायचा नाही. तुझं ते एकच फडकं, एकच बादली, त्यातली माती माझ्या ९ एचवर नको. पोरगा मनातून खूश. पगार तोच, काम चार चाकांनी कमी. या सगळ्या वेडात ज्याला रोकडा फायदा झाला असा बहुधा तो एकटाच, आणि त्यानं कोटिंग केलेलं नाही.

टायरच्या दुकानातलं नाटक तर तिकीट लावण्याजोगं. टायरवाला बिचारा पहिल्यापासून चाक म्हणजे चाक या मताचा. तो ते जमिनीवरून गडगडवत नेतो, मशिनवर आपटतो, काळ्या हातानं पुसतो, बॅलन्सिंगचं वजन चिकटवतो. आता त्याच्या मागं मालक उभा, हातात निळं मायक्रोफायबर, चेहरा ऑपरेशन थिएटरबाहेरचा. "हळू! अहो, हळू! तिथं नका धरू. खाली काहीतरी अंथरा ना!" टायरवाल्यानं शेवटी पान्हा खाली ठेवला आणि हात जोडले. "साहेब, हे चाक आहे की देव?" मालक गप्प. उत्तर सोपं नव्हतं.

देवावरून आठवलं. दसऱ्याला आता घरोघरी नवा पेचप्रसंग. खंडेनवमीला शस्त्रं-अवजारं पुजायची, दसऱ्याला गाडी. झेंडूची माळ, बॉनेटवर स्वस्तिक, चारही चाकांना हळदकुंकू, ही आपली रीत. आई ताम्हण घेऊन खाली येते आणि मुलगा चाकाच्या आडवा पडतो! "आई, चाकाला नको!" "अरे, मग पूजा कशाची करू? हँडब्रेकची?" तडजोड म्हणून टायरच्या रबरावर कुंकवाचं एक बोट लावायचं ठरतं. नारळ फोडायचा तर दहा पावलं लांब, पाण्याचा शिंतोडा येता कामा नये. आणि नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडायचं का? तर लिंबात आम्ल असतं म्हणे! दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेल्या लिंबालाच दृष्ट लागली. आई वर जाता जाता जे पुटपुटते ते छापण्याजोगं नाही, पण त्यात 'वेड' आणि 'बापावर गेलाय' हे शब्द ऐकू येतात.

आणि कुत्री? त्यांचं काय करणार? रात्री अकराला गल्लीतला बाळ्या येतो, हुंगतो, विचार करतो आणि नेमकं सर्वांत चकचकीत चाक पसंत करतो. चव आहे त्याला. बाटलीत लाल पाणी भरून ठेवलं की कुत्री येत नाहीत, हा महाराष्ट्रभर रूढ असलेला तोडगा. परिणाम? बाळ्या आता चाकावर एकदा आणि बाटलीवर एकदा. कोटिंगवाल्याला विचारलं तर म्हणतो, "सर, सहज धुऊन निघतं." हे मात्र खरं बोलला.

हो, खरं आहे ते. आपण कितीही नाकं मुरडली तरी ब्रेकची काळी भुकटी कोटिंगवर कमी चिकटते आणि नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानं बरीचशी निघते. पूर्वी ब्रश घेऊन पाऊण तास घासत बसावं लागायचं. समुद्राची खारी हवा खाणाऱ्या मुंबई-कोकणातल्या गाड्यांना आणि ज्यांची चाकं लेथवर कातून चमकवलेली आहेत त्यांना तर थोडाफार आधार होतो. पण लोक थोडाफार म्हणून थांबतील तर ते आपले लोक कसले? ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढं झुकतं, म्हणून पुढची चाकं जास्त काळी होतात. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांना मागं ड्रम ब्रेक; त्यांची भुकटी त्या डब्यातच राहते. म्हणजे खरं तर दोन चाकांचं काम. दोनच करून आलेला माणूस बघितलाय? शक्यच नाही, लोक काय म्हणतील!

एक चमत्कार मात्र मान्य करायला हवा. घाट उतरताना गिअर खाली टाका, नुसते ब्रेक दाबत राहू नका, हे ड्रायव्हिंग स्कूलवाले घसा फोडून सांगत आले. ब्रेक तापतील, लागणार नाहीत, जिवावर बेतेल. कुणी ऐकलं? आता आंबेनळी घाट पोलादपूरपर्यंत मंडळी दुसऱ्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी उतरतात, मागं ट्रकवाला हॉर्न वाजवून हैराण. जिवासाठी नाही हो. चाक काळं होऊ नये म्हणून! विजेच्या गाडीवाले तर विचारूच नका. त्यांची मोटर स्वतःच गाडीचा वेग आवरते, पॅड कमी झिजतात, धूळ कमी. त्यामुळे ते पार्किंगमध्ये अशा नजरेनं आपल्या चाकांकडे बघतात की वाटतं, यांना एक खड्डा भेटावा. तिकडं युरोपनं युरो-७ नियमांत ब्रेकच्या धुळीवरच मर्यादा घातली, बहुतेक मोटारींना किलोमीटरमागं ७ मिलिग्रॅम, निव्वळ विजेवरच्यांना ३. ते लोक धूळ हवेत जाऊ नये म्हणून कायदे करतात. आपण ती चाकावर बसू नये म्हणून बाटली घेतो. चाकावरून निसटलेली कुठं जाते? शेजाऱ्याच्या चाकावर. मग त्यालाही कोटिंग करावं लागतं. धंदा वाढतो तो असा.

शेजाऱ्यावरून आठवलं. तो समोरच्या विंगमधला, ज्यानं सोसायटीच्या ग्रुपवर "पैसा वर आला की असली थेरं सुचतात" असं लिहिलं होतं, त्याच्या बाल्कनीत परवा वाळत काय होतं? काळे हातमोजे आणि निळं मायक्रोफायबर. 'अति तेथे माती' म्हणणाऱ्या त्या वकीलसाहेबांनी पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं. ज्या काकूंनी सगळ्यात जास्त तोंडसुख घेतलं, त्यांनी लेकाच्या बाटलीतले उरलेले सहा मिली मागून घेतले आणि बेसिनच्या नळाला, न्हाणीघराच्या काचेला आणि स्कूटरच्या रिमला लावून टाकले. आता त्या नळावर थेंब कसा गोल राहतो हे आल्या-गेल्याला दाखवतात. बाकीच्यांनी सर्व्हिसिंगच्या बिलात ढकललंय. 'व्हील केअर' अशी एक गोंडस ओळ असते बघा तिसऱ्या पानावर, जीएसटीच्या जरा वर. घरी कुणी तिसरं पान उलटत नाही.

आणि आता तर, धरून बसा, स्टेपनीला! होय, त्या पाचव्या चाकाला, जे डिकीच्या तळाशी कार्पेटखाली, पान्हा आणि जुन्या छत्रीच्या सोबतीनं आयुष्य काढतं. सीएनजीच्या गाडीत तर टाकीखाली दबलेलं असतं आणि विमावाल्यांनाही आठवत नाही. बऱ्याचदा ते साधं लोखंडी असतं, बाकीच्यांसारखं अलॉयसुद्धा नाही. त्याला कोटिंग! कशासाठी? कुणाला दिसणार? तिथं कुठली ब्रेकची धूळ, कुठलं कुत्रं, कुठलं कुंकू? चार चाकांवर पाचवं निम्म्या दरात, अशी दसऱ्याआधीची योजना आहे म्हणे. शनिवार-रविवार तर पुढच्या महिन्यापर्यंत भरलेत. मंगळवारी सकाळी अकराची एक जागा आहे, आगाऊ पाचशे भरावे लागतात, पावती मिळते, आणि ती परत मिळत नाही. म्हणजे असं ऐकलं. चौकशी केली ती आपली केवळ माहितीसाठी.